पन्नाशीच्या अलीकडची चेतक

बाबांची चेतक व्हिंटेज करून घ्यावी, ही टूम माझ्या मेहुण्याची. सरकारने 2021 साली नियमच केलेत म्हणे. राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ लावलेला खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये. एवढे तर स्कूटरलाही पडले नव्हते, म्हणून बाबा आधी रुसले. मग ‘व्हिंटेज’ हा शब्द शेजारच्या कुलकर्ण्यांना ऐकवता येईल, हे लक्षात आल्यावर विरघळले.

पहिली अट, पहिल्या विक्रीनंतरच्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली हवीत. आमची 1978 ची. बाबांचं म्हणणं, नंबर लावला तेव्हापासून मोजा! लायसन्स-परमिटच्या त्या जमान्यात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं ताटकळावं लागे. बाबांनी नंबर लावला तेव्हा ते सडेफटिंग होते आणि गाडी दारात आली तेव्हा मी रांगत होतो. त्यांनी बुकिंगची पावतीसुद्धा जपून ठेवलेली. आरटीओच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी ती आदराने न्याहाळली आणि म्हणाल्या, “काका, ही थांबल्याची पावती आहे. विकल्याची आणा.”

दुसरी अट ऐकून तर आमचा मेकॅनिक खाली बसला. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी उलथापालथ नको. आता, आपल्या रस्त्यांवर अर्धं शतक धावूनही जिचं इंजिन कुणी खोललं नाही, ती धावलीच नसणार. आमचीचं बोअरिंग किती वेळा झालं, हे त्याच्या वडिलांनाच ठाऊक, आणि ते आता नाहीत.

राहिला साधा मार्ग, नोंदणीचं नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या दुचाकीला 2,000 रुपये भरा, पाच वर्षं चालवा. पर्यावरण कर निराळा. पासिंगला इन्स्पेक्टर कोवळा पोरगा. मी किक मारण्याआधी रिवाजाप्रमाणे स्कूटर एका अंगाला कलती केली, तर तो धरायला धावला. मग आरसी पाहून म्हणाला, “यात रंग निळा आहे.” धाकट्या काकांच्या लग्नात ती पोपटी झाली, तेव्हा हे कार्ट जन्मायचं होतं. पुढे त्याने मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं. कंपनीने दिलेल्या गाडीत परस्पर फेरबदल केले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये, किंवा दोन्ही. तो कागद वाचेस्तोवर बाबांनी पान्याने ट्रकचा हॉर्न उतरवून पिशवीत टाकला होता.

“त्यापेक्षा दोनेक वर्षं थांबा,” एजंट म्हणाला. “पण व्हिंटेज झाली की रोज वापरायची नाही हं. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर.”

“पेट्रोल चालतं ना?” बाबा म्हणाले. “मग झालं. पंप दूधडेअरीला लागूनच आहे.”