शेजाऱ्यावर प्रीती, पण बेताने

रविवारची उपासना चुकवू नका. एवढे सांभाळले की आठवडाभराचे बरेच काही माफ होते. दानपेटीत नोट घडी करून टाकू नका. शेजारच्या बाकावरच्यांच्या श्रद्धेलाही बळ येऊ द्या.

पवित्र शास्त्र रोज वाचा, मात्र जपून. स्तोत्रसंहिता निर्धास्त वाचा. याकोबाचे पत्र शक्यतो टाळा. त्याच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा देणाऱ्यांची आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे ठेवणाऱ्यांची हजेरी घेतली आहे, आणि पाचव्यात तर शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. कांदा काढायला माणसे लावली असतील त्या आठवड्यात हे पान उघडूच नये. लुटारूंनी यरीहोच्या वाटेवर अर्धमेले करून टाकलेल्या वाटसरूला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट चालेल, संडे स्कूलच्या मुलांना नाटुकल्यासाठी बरी पडते. फक्त त्या वाटेवर लुटारू मुळात होतातच का, असे एखाद्या पोराने विचारले तर लगेच पुढचे गीत सुरू करा.

नाताळात ब्लँकेटवाटप कराच. फोटोत घेणाऱ्याचा चेहरा दिसावा, देणाऱ्याचा त्याहून स्पष्ट. तो उघड्यावर का झोपतो ही चौकशी राजकारणात मोडते.

पंडिता रमाबाईंची तसबीर मंडळीच्या सभागृहात हवी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बालविधवा आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे केले, हे भाषणात जरूर सांगा. प्लेगच्या साथीत पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांचे काय हाल होतात, हे त्यांनी वर्तमानपत्रात छापून आणले आणि राज्यकर्ते ख्रिस्ती म्हणून भीड ठेवली नाही. इथवर येईपर्यंत सहसा जेवणाची वेळ होते.

कैद्यांना भेटायला जावे, असे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे खरे. पण कोणत्या कलमाखालच्या, हे तिथे दिलेले नाही, तेव्हा घाई नको. झारखंडच्या आदिवासींच्या जमिनींबद्दल बोलणारे जेझुइट फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये पकडले गेले. कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता, म्हणून तळोजा तुरुंगातून स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. खटला सुरू होण्याआधीच, ५ जुलै २०२१ ला, वयाच्या ८४ व्या वर्षी ते मुंबईच्या इस्पितळात वारले. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, पण मनातल्या मनात.

जातीबद्दल कोणी विचारलेच तर मान ताठ ठेवून सांगा, ख्रिस्तात जात नाही. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशालाही दलित ख्रिस्ती दिसत नाहीत. अनुसूचित जातींच्या यादीची दारे दलित शिखांना १९५६ मध्ये उघडली, बौद्धांना १९९० मध्ये, आपल्यासाठी अजून बंद. म्हणजे या एका बाबतीत सरकार आणि आपले एकमत. मुलीला स्थळ सांगून आले की चहा देताना तेवढे हळूच विचारून घ्या, "तुमचे पणजोबा ख्रिस्ती झाले, त्याआधी गावात नेमके कुठल्या बाजूला राहायचे हो?"