गोळीचा गुण

मागच्या रविवारी संध्याकाळी डोंबिवली फास्टमध्ये उभ्याउभ्या सरांचा फोन आला. मी एवढंच म्हणालो, "सर, चाळीस ग्रेनचीच घेतली हो. आज दिवसभरात पन्नास संपवल्या, पण गुण येत नाही." समोरचे गृहस्थ टक लावून बघत होते. ते बाकावर सरकले, सरकवता येईल तेवढ्यांना सरकवलं आणि मला चौथी सीट दिली. ठाण्याच्या आधी चौथी सीट! "एका दिवसात पन्नास घेऊ नका," ते हळूच म्हणाले, "किडनीवर येतं."

दोष आपल्या भाषेचाही आहे. पोटात जाते ती गोळी आणि बंदुकीच्या नळीतून सुटते तीही गोळी. चाळीस ग्रेन हे माझ्या नळीतल्या गोळीचं वजन. वर दोन्हींचा यावा लागतो तो गुणच.

दुखणं जडलं १ ऑगस्ट २०२४ ला. त्या दिवशी स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं. मुलगा कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा आणि तेव्हा मध्य रेल्वेत टीसी. मी त्याच मध्य रेल्वेचा अठ्ठावीस वर्षांचा पासधारक, मला एवढं नातं पुरलं. मग वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवरचे सर, अर्ज, पोलीस पडताळणी, परवाना. त्यात पडताळणीला आलेल्या हवालदारानं शेजारच्या काकांना "माणूस कसा आहे?" विचारलं आणि काकांनी उत्तराआधी बराच विचार केला, हे मी अजून विसरलेलो नाही. शेवटी पॉइंट टू टूची, म्हणजे ०.२२ इंची नळीची रायफल घरी आली. बायकोनं तिला हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "आता हिला खायला काय लागतं?"

खरा प्रश्न तोच होता.

मोठ्या काडतुसांच्या बुडाला मधोमध दारू पेटवणारी एक टोपी असते. ती बदलता येते, त्यामुळे जिथे तशी सोय आणि परवानगी असते तिथले शौकीन रिकामं काडतूस पुन्हा भरतात, दारू स्वतः मोजून, गोळी आपल्या पसंतीची. घरी कुटलेल्या मसाल्यासारखं. माझी पॉइंट टू टू मात्र रिमफायर. रिमफायरमध्ये पेट घेणारी रसायनं काडतुसाच्या बुडाच्या कडेतच भरलेली असतात. पिन कडेवर आपटते, कडा चेपते, खेळ खलास. पुन्हा भरणं नाही, म्हणजे सगळा विकतचा मसाला. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून असंच चाललंय. कंपनीनं पुडीत जे घातलं असेल ते मुकाट्यानं खायचं. आणि रायफल मुकाट्यानं खात नाही.

"महागातली घेतो," मी सरांना म्हणालो. सर म्हणाले, "लग्न तुमचं नाही, रायफलचं. तिची पसंती विचारा." त्यांचं म्हणणं असं की गोळी सुटताना प्रत्येक नळी आपापल्या पद्धतीनं थरथरते. एकाच कारखान्यातल्या दोन सख्ख्या बहिणींनाही एकच गोळी मानवेल असं नाही. एली, लापुआ, एसके ही काडतुसांच्या कंपन्यांची नावं रेंजवर लोक घराण्यांसारखी घेतात, पण घराण्यावर जायचं नाही, पत्रिका बघायची. पत्रिका म्हणजे डब्यावरचा लॉट नंबर, एका खेपेत बनलेल्या गोळ्यांचा क्रमांक. मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन जर्मनीत शोनेबेकला कारखान्यात जातात, तिथे ती शिकंज्यात आवळून एकेक लॉट उडवून बघतात आणि जुळला तो लॉट उचलतात. माझी धाव डोंबिवलीहून वरळीपर्यंत. तीही मेगाब्लॉक नसेल तर.

मी चार प्रकारचे डबे आणले, प्रत्येकात पन्नास. दुकानदारानं परवान्यावर नोंद केली आणि आपुलकीनं पाचवा पुढे सरकवला, "हा घ्या साहेब, एकदम फास्ट." मुंबईच्या माणसाला फास्ट म्हटलं की मोह होतोच. तो डबाही घेतला. ही गोळी आवाजापेक्षा वेगानं सुटते आणि हवेशी झटापट करत वाटेतच कुठेतरी आवाजाच्या वेगाखाली येते. तिथे ती डगमगते, चालत्या गाडीतून उतरताना नवखा डगमगतो तशी. म्हणून कागदावर नेम धरणारे लोक सावकाश गोळी घेतात, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. म्हणजे पुन्हा स्लोच.

मग मला वाटलं, आपण थोडं शास्त्रीय व्हावं. काही हौशी लोक गोळ्या वजन करून निवडतात असं ऐकलं होतं. रात्री स्वयंपाकघरात बायकोचा केकचा काटा काढला. पहिली गोळी तीन ग्रॅम. दुसरी तीन. महागातली तीन, स्वस्तातली तीन. अडीचशे गोळ्या तोलल्या, सगळ्या तीन! असा काटेकोरपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. बायको पाणी प्यायला उठली तेव्हा तिनं सांगितलं की त्या काट्याला तीनच्या पुढचे पॉइंट दिसत नाहीत. शिवाय गोळ्यांवरच्या मेणानं काटा चिकट झाला तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी रेंजवर पोटावर पालथा पडलो. डबा बदलला की आधी दहा गोळ्या नुसत्या सोडायच्या, म्हणजे नळीतलं आधीच्या डब्याचं मेण जाऊन नव्याचं बसतं. नंतर पाच-पाचचे ग्रुप, म्हणजे पाच गोळ्यांची भोकं किती जवळजवळ पडतात ते बघायचं. पन्नास मीटरवरचा टेन, म्हणजे दहा गुणांचं मधलं वर्तुळ, १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. सगळ्यात महाग डब्यानं मला पाणीपुरीच्या पुरीएवढा ग्रुप दिला. मी हताश. सरांनी रायफल घेतली, आडवे झाले, त्याच डब्यातल्या पाच सोडल्या. ग्रुप त्यांच्या मानानं मोठाच आला, पण माझ्या आजवरच्या सगळ्यात लहान ग्रुपपेक्षा लहान. उठून जॅकेट झटकत म्हणाले, "दोन वेगळी दुखणी आहेत. रायफलला ही गोळी मानवत नाहीये, आणि तुम्हाला रायफल."

इकडे घरी सासूबाईंचा फोन. बायकोनं सांगितलं होतं, "त्यांना अजून कुठलीच गोळी लागू पडत नाहीये, तीन प्रकार करून झाले." कसली गोळी, हे सांगायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं. जावयानं बंदूक घेतली हे त्या घरात आजपर्यंत कुणाला माहीत नाही.) मंगळवारी कुरियरनं साबुदाण्याएवढ्या होमिओपॅथीच्या गोळ्या आल्या. "चार-चार, जिभेखाली," सोबत चिठ्ठी.

जुळलं ते चौथ्या डब्याशी. किमतीत खालून दुसरा, कोपरा चेपलेला. पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. मी तीनदा झाकून पाहिली, शेजारच्या लेनमधल्या कॉलेजच्या मुलीलाही झाकून दाखवली. "छान, काका," ती म्हणाली. तिची स्वतःची पाच भोकं मिळून एकच भोक होतं, त्यामुळे तिथे फार थांबलो नाही.

शनिवारी दुकानात धावलो. लॉट नंबर पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहून नेला होता. दुकानदारानं चष्मा लावला, फळीवरचे डबे उलटेपालटे केले.

"हा लॉट संपला. नवा आलाय. कंपनी तीच, डबा तोच."

"लॉट वेगळा."

"साहेब, क्रोसिन घेताना बॅच नंबर बघता का?"

पन्नास घेतल्या. परवान्यावर नोंद झाली. बाहेर फुटपाथवर येऊन सरांना फोन लावला, तर ते म्हणाले, "आधी दहा सोडा, मग पाच-पाच." तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर सासूबाई.

"आला का गुण, जावईबापू?"

"आला होता. पण त्या गोळ्या संपल्या. आता नव्या आणल्यात."

"मग कोर्स पूर्ण करा हो. मध्येच सोडू नका."