‘गुरांना टोचू नका’ या मेसेजला उत्तर

गेला आठवडाभर सत्तरी-डिचोलीच्या दूधवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: गुरांच्या रोगांवर संशोधन म्हणून गुरांचेच हाल करतात, त्यातून गुरांना काही मिळत नाही, आता सगळं संगणकावर तपासता येतं, प्रयोगशाळेत विचारणारं कोणी नाही, म्हणून गाईवर प्रेम असेल त्याने लस नाकारावी. मला तो तिघांनी पाठवला. तिघेही पाडव्याला गुरांना हार घालून पोळे भरवणारे. त्यांची माया खरी आहे, म्हणूनच बसून लिहितोय.

‘गुरांना काही मिळत नाही.’ घरातल्या म्हाताऱ्यांना बुळकांडी विचारा. ताप, तोंडात फोड, मग पाण्यासारखी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. १८८९ साली पुण्यात गुरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली, ती पुढे कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला गेली. तिथे १९२०च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या संशोधकाने बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा नेत नेत गुरांना झेपेल इतका सौम्य केला. त्या शेळ्यांनी सोसलं, हे लपवायचं कारण नाही. पुढे केनियात प्लोराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर लस वाढवली, म्हणजे लस बनवायला शेळ्या लागेनाशा झाल्या. पण ती गुरांना वाचवते का, हे गुरांना टोचूनच कळलं. भारतातली शेवटची साथ १९९५ची. २०११ साली हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाने आजवर समूळ संपवलेले रोग दोनच, देवी आणि बुळकांडी. यातला एक निव्वळ जनावरांचा आहे, आणि मेसेज लिहिणारा म्हणतो काही मिळालं नाही!

आता संगणक. सांसर्गिक गर्भपाताचं, म्हणजे ब्रुसेल्लोसिसचं उदाहरण घेतो, कारण ते आपल्या गोठ्यातलं आहे. सातव्या महिन्यात गाय गाभडते, वार अडकते, आणि मालक उघड्या हाताने ती ओढायला जातो. तोच रोग मग त्याला धरतो: येणारा-जाणारा ताप, महिनोन्महिने सांधेदुखी. यावरची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीलाच देतात. पाड्याला नाही, गाभण गाईला नाही. का? लसीतला जिवंत जंतू गाभण गाईला गाभडवू शकतो, पाड्याच्या वृषणांना सूज आणू शकतो. हे संगणकाने सांगितलेलं नाही. गाई-पाड्यांमध्ये दिसलं, म्हणून नियम झाला. चिकातून वासराला मिळालेली प्रतिकारशक्ती लस वाया घालवते, हेही वासरांचं रक्त पुन्हापुन्हा तपासून कळलं. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींना ना चीक पाजता येतो, ना त्या गाभण राहतात. संगणक आणि पेशींमुळे जनावरं कमी लागतात, आणखी कमी लागावीत असं मलाही वाटतं. पण ‘कमी’ आणि ‘मुळीच नको’ यांत फरक आहे.

मेसेजसोबत लाल डोळ्यांच्या सशाचा फोटो आहे. तसल्या चाचण्या सौंदर्यप्रसाधनांसाठी होत, आणि त्यांवर भारतात २०१४ सालीच बंदी आली. गुरांच्या लसीशी त्याचा संबंध नाही. ‘विचारणारं कोणी नाही’ हेही खोटं: १९६०चा कायदा आहे, १९९८चे नियम आहेत, प्रयोगाआधी नीतिसमितीची परवानगी लागते. सगळीकडे ते काटेकोर पाळतात असं मी म्हणणार नाही. तपासणी वाढवा म्हणून कोणी अर्ज काढला तर पहिली सही माझी.

आणि कुत्रा चावल्यावर पोटात घ्यायची ती चौदा इंजेक्शनं? ती लस मेंढ्यांना रेबीज देऊन, त्यांच्या मेंदूपासून बनवत. पेशींवर वाढवलेली लस आली, मेंढ्या सुटल्या, आपली पोटंही सुटली. गोव्यात जाळी घेऊन फिरणारी पथकं कुत्र्याला धरतात, टोचतात, डोक्यावर रंगाची खूण करून सोडतात, असं वर्षाला लाखाच्या घरात. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास २०२२ साली छापून आला. पूर्वी कुत्रा पिसाळल्याची नुसती आवई उठली तरी गावात काठ्या निघायच्या. त्या काठ्यांपासून कुत्र्यांना कोणी वाचवलं?

राहिलं ‘लस नाकारा’. टोचल्यावर एखाददुसरा दिवस ताप येतो, दूध थोडं उतरतं, कधी मानेवर गाठ येते. खरं आहे. ज्या प्राण्यांनी सोसायचं ते सोसून झालंय. आपण लस नाकारली म्हणून त्यांचं सोसणं मागे जात नाही, फक्त वाया जातं. माझी कालवड पाच महिन्यांची आहे. बुधवारी सकाळी पशुवैद्यक ब्रुसेल्लोसिसची लस टोचायला येणार आहेत. तिला चरायला सोडणार नाही, गोठ्यात बांधून ठेवणार आहे. तुमची चार ते आठ महिन्यांची असेल तर मंगळवारपर्यंत कानातल्या पिवळ्या टॅगचा नंबर मला पाठवा, यादीत घालतो.