भारताचा बास्केटबॉल संघ हरता राहावा म्हणून कोकणात काय काय करावं

गेल्या पंधरवड्यात किनाऱ्यालगतच्या एका तालुक्याच्या गावी अंडरआर्म क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन झालं. पहिलं बक्षीस बोकड. व्यासपीठ बास्केटबॉलच्या कोर्टावर, बरोबर फ्री थ्रोच्या रेषेवर. मंडपाचे खांब हलू नयेत म्हणून कोर्टाच्या काँक्रीटला ड्रिलने ओळीने भोकं पाडलेली. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात खंत व्यक्त केली की एकशे चाळीस कोटींच्या देशाला बास्केटबॉल खेळणारी बारा उंच पोरं मिळू नयेत. टाळ्या पडल्या. मग नारळ फुटला, तोही रिंगच्या खांबाच्या पायावर.

या मंडळींवर टीका करणं सोपं आहे. पण न्यायाने बघितलं तर अख्खा राष्ट्रीय संघ वर्षानुवर्षं हरता ठेवणं हे दिल्लीतल्या चार पदाधिकाऱ्यांना एकट्याने झेपणारं काम नव्हे. त्याला गावोगावचा हातभार लागतो, आणि कोकणाने तो कधी आखडता घेतलेला नाही. ज्या गावांत एखादं कोर्ट अजून शाबूत आहे, तिथल्या अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार आणि सल्लागार मंडळींसाठी या काही सूचना.

सुरुवात इतिहासापासून करावी. म्हणजे तो नाहीच असं धरून चालावं. 'अमेरिकेचा खेळ, आपल्या मातीतला नव्हे' एवढं पाठ असलं की निम्मं काम झालं. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत आपला पुरुष संघ चौथा आला, १९७५ ला बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चीन, जपान, दक्षिण कोरियाच्या मागोमाग पुन्हा चौथा, असलं काही कुणी काढलंच तर चहा मागवावा. १९८० चं मॉस्को मात्र जरूर सांगावं, ते कामाचं आहे. भारताच्या पुरुष संघाचं आजवरचं एकमेव ऑलिंपिक, बारा संघांत बारावा नंबर, सातही सामने हरलो, सोव्हिएत संघाने १२१-६५ असं धुतलं. बहिष्कारामुळे जागा रिकाम्या झाल्या म्हणून आपली वर्णी लागली, हेही जोडलं तर हशा हमखास. इथे थांबावं. ते पासष्ट गुण तीन गुणांच्या रेषेशिवायचे होते; जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला दोनाऐवजी तीन गुण मिळतात, ती रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत आली १९८४ ला. किंवा त्या संघात अजमेर सिंग, हनुमान सिंग अशी अर्जुन पुरस्काराची माणसं होती. असले तपशील देऊ नयेत. पोरांना कुतूहल वाटायला लागतं.

अब्बास मुंतसिर हे नाव तर चुकूनही घेऊ नये. भारताचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार, आणि घडला कुठे, तर मुंबईच्या नागपाड्यात, दाटीवाटीच्या वस्तीतल्या कोर्टावर. मुंबई सरकारी कागदावर कोकण विभागातच मोडते. उद्या कुणी 'कोकणाने देशाला बास्केटबॉलचा कप्तान दिला' असा फलक लावायचा आग्रह धरेल. फलकावर त्याचा फोटो घ्यावा लागेल, आणि आपला कुठे बसवायचा?

२०१४ ही जरा अडचणीची जागा आहे. वुहानला, चीनच्या घरात, भारताने चीनला ६५-५८ हरवलं. दोन वर्षांनी तेहरानला पुन्हा, ७०-६४. त्यावर 'त्यांचा मुख्य संघ नव्हता हो' म्हणावं. आपला मुख्य संघ कोणत्या कोर्टांवर वाढला, तिकडे बोलणं जाऊ देऊ नये. त्याच वुहानच्या स्पर्धेत अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग यांना पगडी उतरवून खेळावं लागलं, आणि डोक्यावर काही घालू न देणारा तो नियम बदलायला २०१७ उजाडलं. बास्केटबॉलचा कळवळा असलेल्या किती सत्कार समित्यांनी तेव्हा निषेधाचं पत्रक काढलं, हा प्रश्नही टाळावा.

आता मुख्य काम. कोर्ट.

कोर्ट बांधूच नये हा सर्वात स्वस्त मार्ग. पण निधी आलाच तर बांधावं लागतं, आणि तेव्हा खरं कौशल्य लागतं ते वेळापत्रकाचं. मंजुरी मार्चअखेर घ्यावी, कार्यादेश मे महिन्यात काढावा, काँक्रीट मेच्या शेवटच्या आठवड्यात ओतावं. काँक्रीटला निदान २८ दिवस द्यायचे असतात आणि आतली ओल गेल्याशिवाय ॲक्रिलिकचा रंग चढवायचा नसतो, हे ज्याला ठाऊक आहे अशा कंत्राटदाराला काम देऊ नये. आठव्या दिवशी रंग मारावा. पाऊस सुरू झाला की अडकलेली ओल वर यायला बघते, रंगाला फोड येतात, आणि गणपती येईपर्यंत निळा पापुद्रा नखाने सोलता येतो. उद्घाटनाचे फोटो तोवर निघालेले असतात.

उताराकडे लक्ष द्यावं. उघड्या कोर्टाला एकाच दिशेने शेकडा एक उतार लागतो, म्हणजे १५ मीटर रुंदीत १५ सेंटीमीटर. तेवढ्याने चेंडूला फरक पडत नाही आणि पाणी निघून जातं. म्हणून उतार चारही बाजूंनी मध्याकडे द्यावा. मधल्या वर्तुळात तळं झालं की शेवाळ धरतं, पोरगं पळता पळता थांबायला जातं आणि गुडघा फिरतो. एक गुडघा गेला की पुढची दहा वर्षं त्या गावात कुणी पालक पोराला कोर्टाकडे फिरकू देत नाही. इतक्या कमी खर्चात इतका टिकाऊ परिणाम दुसऱ्या कशाने होत नाही. ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासलं तर शेवाळ तासा-दोन तासांत निघतं. पण खराटा शाळेने आणायचा की ग्रामपंचायतीने, यावर आधी बैठक घ्यावी.

खांब साध्या लोखंडी पाइपाचा घ्यावा, गॅल्व्हनाइझ केलेला नको. खाऱ्या वाऱ्यात तो जमिनीलगत, काँक्रीटमध्ये शिरतो तिथेच आधी सडतो, कारण पाणी तिथे धरून राहतं. दर २६ जानेवारीला वरून ऑइलपेंटचा हात फिरवला की कळतही नाही. खांब रोवावा थेट अंतिम रेषेवर. खरं तर रिंगमागची फळी रेषेच्या १.२० मीटर आत आणि खांब रेषेच्या दोन मीटर बाहेर हवा, त्यासाठी वरून लांब हात काढावा लागतो. तो खर्च वाचवला की रिंग खांबाला चिकटते, आणि लेअपला, म्हणजे चेंडू घेऊन थेट रिंगखाली टाकायला धावत आलेला पोरगाही. फळी प्लायवूडची. पहिल्या पावसात फुगते, दुसऱ्यात तिचे पदर सुटतात, आणि तिसऱ्या वर्षी चेंडू फळीवर आपटला की तिथेच मरून खाली पडतो.

रिंगची उंची ३.०५ मीटर. ती आधी नीट मोजून घ्यावी आणि मग खाली चार इंचांचा नवा थर टाकावा. रिंग आपसूक २.९५ वर येते. पोरांचा हात त्या उंचीला बसतो, आणि जिल्ह्याला गेल्यावर शॉटमागून शॉट रिंगच्या पुढच्या काठावर आपटतो. परत आल्यावर त्यांना सांगावं, तुमच्यात जिद्द नाही.

रेषांसाठी जुना नकाशा सांभाळून ठेवावा. रिंगखालचा समलंब चौकोन २०१० ला गेला, तिथे आता ४.९० बाय ५.८० मीटरचा आयत असतो. तीन गुणांची रेषा ६.२५ वरून ६.७५ वर गेली. रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आलं. त्यानंतर रंगवलेल्या कोर्टांवरही तो समलंब चौकोन दिमाखात दिसतो, आणि त्याच्या बाजूला रंगाच्या कंपनीपेक्षा मोठ्या अक्षरांत सौजन्य कोणाचं तेही.

एवढं करूनही पोरं खेळतच राहिली तर शेवटचा उपाय आहे, सुशोभीकरण. पेव्हर ब्लॉक. चेंडूकडे न बघता, समोर बघत ड्रिबल करणं, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं, हा या खेळाचा पहिला धडा, आणि तो फक्त सपाट जमिनीवर शिकता येतो. ब्लॉकच्या सांध्यावर पडलेला चेंडू कुठे उडेल ते ब्लॉक बसवणाऱ्यालाही सांगता येत नाही, मग पोरगं मान खाली घालून चेंडूच बघत राहतं आणि आयुष्यभर तसंच खेळतं. कोकणात २८ बाय १५ मीटरची सपाट जागा म्हणजे काय चीज आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. जांभ्याचा सडा फोडावा लागतो, नाहीतर डोंगर कापून भराव घालावा लागतो. कुण्या जुन्या मास्तरांनी पोरांकडून श्रमदान करवून ती जागा काढली, गावाने चिरे दिले, रोलर फिरवला, आणि तुम्ही तिच्यावर लाल-पिवळे ब्लॉक बसवून मध्ये कारंजं बांधलंत! ते कारंजं एक दिवस चाललं. ज्या दिवशी फीत कापली त्या दिवशी. आता त्याच्यात पाणी नाही, गुटख्याच्या पुड्या आहेत, आणि त्याच्याभोवती कठडा कशाला, तर म्हणे ज्येष्ठांना बसायला. ज्येष्ठ बसतात सगळे बंदरावर, नाहीतर एसटी स्टँडवर!

असो. सूचनांकडे वळू.

रिंगला जाळी लावू नये. तिला फक्त बारा गाठी लागतात, आणि मिरकरवाडा, हर्णै, मालवण, कुठेही बघा, जाळी विणणारे हात बसलेलेच असतात. त्यांना कुणी विचारायला जाऊ नये.

चेंडू एकच घ्यावा, सातव्या नंबरचा, आणि तोच पाचवीतल्या पोराला आणि दहावीतल्या मुलीलाही द्यावा. लहानांसाठी पाचवा नंबर असतो, मुलींसाठी सहावा, लहानांच्या रिंगची उंची २.६० असते, हे कळलं तर अंदाजपत्रक वाढतं. सहाशे ग्रॅमचा चेंडू दहा वर्षांच्या पोराला एका हाताने फेकवत नाही. तो कमरेपासून दोन्ही हातांनी ढकलतो, आणि ती सवय मोडायला पुढे प्रशिक्षकाची दोन वर्षं जातात. प्रशिक्षक असला तर.

तो नेमू नये. पीटीचे सर आहेत ना. मतदार याद्या आणि पोषण आहाराचा हिशेब झाला की तेच बघतील.

जिल्हा स्पर्धा ऐन पावसात, उघड्या कोर्टावर घ्यावी. संघ दोनच यावेत, त्यातला एक न आला तर उत्तम, दुसऱ्याला पुढे चाल मिळते. जर्सी इस्त्रीची तशी राहते आणि दहावीच्या सवलतीच्या गुणांचा कागद रंगतो.

जिल्ह्यात संघटना दोन असाव्यात. २०१५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर हा प्रयोग झालेला आहे.

उंच पोरगा दिसला की त्याला सांगावं, पोलीस भरतीची तयारी कर.

पोलीस भरती वाईट नाही. पण पंजाबात काय होतं ते एकदा ऐका. बल्लो के नावाच्या खेड्यातल्या शेतकऱ्याचा असाच एक ताडमाड पोरगा, सतनाम सिंग. त्याला कुणी भरतीला पाठवलं नाही, लुधियानाच्या अकादमीत धाडलं. २०१५ ला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, जिथे संघ नवे खेळाडू निवडतात, डॅलसच्या संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर उचललं, त्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. पुढे त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही आणि तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला, हे तुम्ही मिटक्या मारत सांगाल याची खात्री आहे. पण लुधियानाला त्याच्यामागे शंभर पोरं रोज सराव करत होती. त्यातूनच अमज्योत आला, त्यातूनच अमृतपाल आला, आणि चीनला हरवणाऱ्या संघात हे दोघे उभे होते. अमृतपाल शेतात राबणारा पोरगा, बहुतेकांनी तोवर खेळ सोडलेला असतो त्या वयात त्याने चेंडू हातात घेतला. तुमच्याकडे तसा पोरगा आला असता तर तुम्ही त्याला मंडपाचे बांबू उचलायला लावलं असतंत.

बारा उंच पोरं मिळत नाहीत म्हणे. कुठून मिळतील? राष्ट्रीय संघ विमानतळावर जमवत नाहीत. तो रेल्वेच्या, सेनादलाच्या, ओएनजीसीच्या संघांतून निवडतात. ते संघ राज्याच्या संघांतून पोरं उचलतात. राज्य जिल्ह्यांतून, आणि जिल्हा तुमच्या त्या कोर्टावरून, जिथे तुम्ही लग्नाच्या पंगती उठवता, आंब्याच्या पेट्या ठोकता आणि शिमग्याला गाड्या लावता. खालचा टप्पा तुम्ही उखडलात आणि वरच्याला नावं ठेवता. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीला एनबीएचे दोन सामने झाले, तेव्हा तिकिटासाठी मुंबईत ओळखी शोधत फिरणारे हेच लोक. पोरांच्या रिंगला जाळी आणायची म्हटली की यांच्या खिशात हात जात नाही.

आणि पैसे नाहीत हे कारण सांगू नका. पूर्ण कोर्ट जमत नसेल तर अर्धं करा. थ्री बाय थ्री हा खेळ टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे. १५ बाय ११ मीटर जागा, एक खांब, एक रिंग. एका संघात चार पोरं, तिघं आत, एक बाहेर. दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, जे आधी होईल ते. प्रत्येक वाडी चार पोरं देऊ शकते. वाडीवाडीची स्पर्धा भरवायला तुम्हाला कुणी शिकवायला नको, क्रिकेटला भरवताच. काँक्रीट दिवाळीनंतर घाला, जानेवारीत रंगवा, खांब गॅल्व्हनाइझ केलेला घ्या, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. रिंग टेपने मोजा, थर टाकल्यावर मोजा, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा मोजा.

आहे ते कोर्ट तरी मोडू नका. पडलेली भोकं आधी हवा मारून साफ करा, एपॉक्सी मॉर्टरने भरा, घासून सपाट करा. नुसतं सिमेंट थापलंत तर पहिल्या पावसात टवका निघेल आणि कुणाचा तरी पाय त्यात जाईल. आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात फाटक उघडं ठेवा. किल्ली कुणाकडे आहे ते तुम्हाला माहीत आहे.