दुसरी बाही

निफाडचा पारा घसरला की माझी प्रतिभा जागी होते. दर थंडीत पेपरात 'निफाड गारठले' अशी बातमी येते आणि मी पुण्यात पलंगाखालची पिशवी ओढून काढते. इतरांना स्फूर्ती सरस्वती देते, मला हवामान खातं.

पिशवीत एक स्वेटर होता. म्हणजे पाठ होती, पुढचा भाग होता, एक बाही होती. दुसरी बाही नव्हती.

स्वेटर निफाडच्या भाच्यासाठी. टाके घातले तेव्हा तो पहिलीत होता, छाती २४ इंच. तुळशीबागेत जाऊन मी मोरपंखी लोकरीचे गुंडे आणले, दहा नंबरच्या सुया आणल्या, शिवाय गरज नसताना टाके अडकवून ठेवायची मोठी पिन. हौस खरं तर दुकानातच फिटते. घरी येतं ते नुसतं काम.

तरी पाठ झरझर झाली. बॉर्डर एक सुलट एक उलट, पुढे एक सुई, म्हणजे एक ओळ, सुलट, एक सुई उलट. पुढच्या भागात गळा यायचा होता, त्या उत्सुकतेवर तोही उरकला. पहिल्या बाहीत दर सहाव्या सुईला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा, त्यात जीव रमला. पण दुसरी बाही? तीच बॉर्डर, तेच टाके, तीच सहावी सुई. रविवारचं कोडं सुटल्यावर कुणी सोमवारी खोडून पुन्हा सोडवतं का?

"रोज दोन सुया घाल," सासूबाई म्हणाल्या. "मन लागो न लागो, दोनच." त्या मालिकेवरची नजर न हलवता विणतात, त्यांना काय! मी आठवडाभर घातल्या. मग संक्रांत झाली, आमच्याकडे पंखे सुरू झाले, आणि मांडीवर लोकर म्हणजे झोपलेलं मांजर वाटू लागलं. पिशवी पलंगाखाली.

पुढच्या थंडीत लोकर कमी पडली. त्याच रंगाची, त्याच नंबरची आणली, पण लॉट वेगळा. ट्यूबलाइटखाली मोरपंखी, उन्हात पोपटी. शिवाय पहिली बाही मी आनंदात विणली होती, दुसरी चिडून. हात घट्ट पडला आणि ती इंचभर आखूड झाली. उसवली.

त्यानंतर यूट्यूबवर एका बाईंनी जालीम उपाय दाखवला. दोन्ही बाह्या एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी, एकदमच विणायच्या. म्हणजे दुसरी बाही हा प्रकारच शिल्लक राहत नाही! मी उत्साहाने पहिली, चांगली झालेली बाहीसुद्धा उसवली. उसवलेली लोकर नूडल्ससारखी कुरळी होते. तिच्या लडी करून धुवायच्या आणि खाली वजन बांधून वाळत टाकायच्या. मी खलबत्त्यातला बत्ता बांधला. कपडे काढायला गेलेल्या नवऱ्याच्या कपाळाला तो लागला. स्वेटरबद्दल घरात बोलणं बंद झालं ते तेव्हापासून.

दोन्ही बाह्या अगदी जोडीने कोपरापर्यंत आल्या आणि जोडीनेच थांबल्या. आधी एक बाही नव्हती, आता दोन नव्हत्या.

दरम्यान भाचा आठवीत गेला. मिसरूड फुटलं. कडाक्याच्या रात्री निफाडला द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. बहीण फोनवर म्हणाली, "आमच्या द्राक्षांना तरी ऊब मिळते गं." मी विषय बदलला.

या वर्षी मी शहाणपणाने सगळंच उसवलं आणि मफलर विणायला घेतला. मफलरला बाह्या नसतात, मापही नसतं. एक वीत चार बोटं होईपर्यंत उत्साह दांडगा होता. मग फोटो काढून भाच्याला पाठवला आणि विचारलं, कसा वाटतो?

थंडी बाधू नये म्हणून तिकडे द्राक्षाचे घड कागदात गुंडाळायचं काम चालू होतं. बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं : "छान आहे मावशी. एक घड बसेल यात."