दहा डॉलर आणि पाच डॉलर

‘अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही. ते राज्यांच्या हक्कांसाठी झालं, जकातीवरून झालं.’ गेल्या महिनाभरात हे मी तिसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा तर आमच्या नात्यातल्याच, तिकडे शिकणाऱ्या एका हुशार मुलाच्या तोंडून. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. का येतो, ते आज सविस्तर लिहितेय.

१८५० साली अमेरिकेच्या काँग्रेसने पळून गेलेले गुलाम पकडून परत देण्याचा एक कडक कायदा केला. कॅलिफोर्नियाला गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात घेतलं, त्या बदल्यात दक्षिणेला, म्हणजे गुलाम राखणाऱ्या राज्यांना, जे दिलं त्यातलं हे एक. मालकाने यायचं, हा माझा गुलाम म्हणायचं. ज्युरी नाही. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, त्याला स्वतःला साक्ष द्यायची परवानगी नाही. निकाल देणाऱ्या कमिशनरला माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. ताब्यात देताना कागदपत्रं जास्त करावी लागतात, असं त्याचं समर्थन केलं गेलं! पळालेल्याला कुणी आसरा दिला तर हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. साध्या नागरिकालासुद्धा पकडापकडीसाठी हाताशी धरता येत होतं.

हा कायदा उत्तरेतल्या रस्त्यावर कसा दिसला, ते बघा. अँथनी बर्न्स नावाचा जेमतेम वीस वर्षांचा गुलाम तरुण दक्षिणेतल्या व्हर्जिनियातून निसटून बोस्टनला आला. कपड्यांच्या एका दुकानात कामाला लागला. त्याला लिहितावाचता येत होतं. त्याने भावाला पत्र लिहिलं आणि ते पत्र मालकाच्या हाती पडलं. २४ मे १८५४ रोजी चोरीचा खोटा आळ घालून बर्न्सला पकडलं. त्याला सोडवायला लोक कोर्टाच्या इमारतीवर चालून गेले, झटापटीत एक पहारेकरी मेला. तरी निकाल मालकाच्याच बाजूने लागला. २ जूनला सैन्याच्या बंदोबस्तात त्या एका पोराला जहाजाकडे चालवत नेलं. दुतर्फा हजारोंची गर्दी, खिडक्यांतून काळी कापडं सोडलेली, आणि स्टेट स्ट्रीटवर मधोमध एक शवपेटी टांगलेली. तिच्यावर शब्द होता, ‘स्वातंत्र्य’.

त्याच शहरात अमोस लॉरेन्स नावाचा एक श्रीमंत कापड व्यापारी होता. त्याच्या धंद्याला लागणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्याच हातचा, त्यामुळे भांडण वाढवण्यात त्याला कसलाच रस नव्हता. बर्न्सला नेल्यावर त्याने पत्रात लिहिलं त्याचा आशय असा: रात्री झोपलो तेव्हा आम्ही जुन्या वळणाची, तडजोडीने घेणारी माणसं होतो, सकाळी जागे झालो ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होऊन.

आणि याच आठवड्यात, ३० मे रोजी, वॉशिंग्टनमध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. १८२० सालच्या तडजोडीने एक रेघ आखली होती. पश्चिमेकडच्या त्या विस्तीर्ण मुलखात, मिसुरी राज्य सोडलं तर, ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. चौतीस वर्षं त्या रेघेवर संसार चालला होता. ती पुसली आणि सांगितलं, तिथे राहायला जाणारे लोकच काय ते ठरवतील. मग गुलामगिरीच्या बाजूची आणि विरोधातली, दोन्हीकडची माणसं त्या मुलखातल्या कॅन्ससमध्ये घुसली, बंदुका घेऊन. लॉरेन्सने उत्तरेकडच्या वसाहतवाल्यांसाठी पैसा ओतला, त्यांच्या गावाला त्याचंच नाव पडलं, आणि २१ मे १८५६ रोजी गुलामगिरीच्या समर्थकांनी ते गाव लुटून जाळपोळ केली. दुसऱ्याच दिवशी खुद्द सिनेटच्या सभागृहात दक्षिणेच्या एका प्रतिनिधीने, प्रेस्टन ब्रूक्सने, सिनेटर चार्ल्स समनरला काठीने रक्तबंबाळ होईस्तोवर मारलं, कॅन्ससवरच्या भाषणाबद्दल. ब्रूक्सला त्याच्या चाहत्यांनी नव्या काठ्या भेट पाठवल्या. त्यानंतर दोनच दिवसांनी गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याच्या टोळीने कॅन्ससमध्ये गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना घराबाहेर ओढून ठार केलं. युद्ध १८६१ ला सुरू झालं असं आपण म्हणतो. कॅन्ससमध्ये ते पाच वर्षं आधीच सुरू झालं होतं.

१८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच नाही असं ठरवलं, आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी करायचा काँग्रेसचा अधिकारही काढून घेतला. म्हणजे मधली वाटच बंद झाली.

आता ‘राज्यांच्या हक्का’कडे येते. बर्न्सच्या प्रकरणानंतर, १८५५ साली मॅसॅच्युसेट्सने, म्हणजे बोस्टनच्या राज्याने, स्वतःचा कायदा करून असली धरपकड जवळजवळ अशक्य करून टाकली. हा राज्याचा हक्क नव्हे तर काय? मग दक्षिणेने त्याचं कौतुक करायला हवं होतं. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटलं, तेव्हा फुटण्याची कारणं सांगणारा जाहीरनामा त्यांनी स्वतः छापला. तो वाचा, लांबलचक नाही. त्यात जकातीचं नावही नाही. त्यांची मोठी तक्रार अशी की उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत आणि केंद्र त्यांना तसं करायला लावत नाही. राज्यांना नको तितका हक्क मिळतोय, ही तक्रार! मिसिसिपी या दुसऱ्या फुटीर राज्याने तर सरळ लिहिलं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकरूप आहे. फुटीर राज्यांचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये भर सभेत म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला. त्यांच्या नव्या संविधानात गुलामांवरच्या मालकीला बाधा आणणारा कायदा करायलाच बंदी होती. एवढं त्यांनीच लिहून ठेवलंय, तर त्यांच्या वतीने दुसरी कारणं आपण का शोधायची?

उत्तर धुतल्या तांदळासारखी होती असं मी अजिबात म्हणत नाही. १८६० साली देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा होता आणि त्यावर न्यूयॉर्कच्या पेढ्याही पोसल्या जात होत्या. लिंकन निवडून आला तो गुलामगिरी आणखी पसरू देणार नाही एवढंच सांगून. ती जिथे होती तिथली मोडायचं वचन त्याने दिलं नव्हतं. तो लढायला उतरला तेही संघराज्य टिकवायला. लढाईला मुक्तीची लढाई बनवलं ते मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांत येऊन थडकलेल्या गुलामांनी, आणि पुढे उत्तरेच्या सैन्याचा निळा गणवेश चढवलेल्या सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिकांनी. सुमारे ४० लाख माणसं मालमत्ता म्हणून मोजली जात होती. त्यांना वगळून या युद्धाची गोष्ट सांगताच कशी येते?

पुण्यात बसलेल्या जोतीराव फुल्यांना ती बरोबर समजली होती. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं, तेव्हा अर्पणपत्रिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांचे आभार मानले आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा लिहिली. त्यात कुठेही जकात नाही. आमच्या त्या मुलाला मी आधी ही अर्पणपत्रिका पाठवली, मग साउथ कॅरोलिनाचा जाहीरनामा.

बर्न्सचं पुढे काय झालं, असं त्याने विचारलं. बोस्टनच्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या लोकांनी वर्गणी जमवली आणि वर्षभराच्या आत १,३०० डॉलर मोजून त्याला सोडवून आणलं. तो ओबर्लिन कॉलेजात शिकला, कॅनडात सेंट कॅथरिन्सला धर्मोपदेशक झाला. जुलै १८६२ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी तो क्षयाने गेला. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला १ जानेवारी १८६३ ला.