कांदा, चप्पल आणि कुत्र्याची फिट: फिरत असलेल्या मेसेजला उत्तर

कोल्हापुरातल्या कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. कुत्र्याला फिट आली तर काय करायचं, ते त्यात सहा ओळींत सांगितलंय. जीभ गिळली जाऊ नये म्हणून तोंडात चमचा घाला आणि पाणी पाजा. नाकाला फोडलेला कांदा किंवा चामड्याची चप्पल लावा, फिट जागच्या जागी थांबते. डॉक्टरांच्या गोळ्या लिव्हर खातात, त्यापेक्षा रोज चमचाभर खोबरेल तेल द्या. गोळ्या चालू असल्याच तर फिट थांबली की बंद करा. फिट अमावास्या-पौर्णिमेला येते, तेवढे दिवस सांभाळा. आणि शेवटची ओळ: असा कुत्रा आज ना उद्या पिसाळतो, घरात ठेवू नका.

आमच्याकडे अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, असलेला लॅब्रॅडोर आहे, सर्जा. त्यामुळे हा मेसेज मला कुणी ना कुणी काळजीपोटी पाठवतच असतं. पाठवणाऱ्यांवर माझा राग नाही. पण यातल्या काही सूचनांनी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो आणि एकीने माणसाची बोटं. म्हणून एकेक ओळ घेऊन लिहितेय.

आधी चमचा. जीभ तोंडाच्या तळाशी घट्ट जोडलेली असते, ती गिळली जाणं शक्यच नाही. फिटमध्ये जीभ चावली जाते, रक्त फेसात मिसळतं आणि ते दृश्य बघवत नाही, हे खरं. पण ती जखम भरून येते. चमचा घातला तर दात तुटतो, तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. आणि जबडा आवळला जातो तेव्हा कुत्रा शुद्धीवर नसतो. समोर मालक आहे की कोण, हे त्याला कळत नाही. ज्या हाताने रोज भाकरी खातो तोच हात तो हाडापर्यंत चावू शकतो. पाण्याचंही तसंच. त्या अवस्थेत गिळता येत नाही, पाजलेलं पाणी फुफ्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

मग करायचं काय? सगळ्यात आधी घड्याळ बघायचं. फिट सुरू झाली ती वेळ मोठ्याने बोला, म्हणजे घरातल्या कुणाच्या तरी लक्षात राहते. जिना, गॅलरी, टेबलाचा कोपरा यांपासून त्याला पाठीकडून, कमरेला धरून बाजूला ओढा, डोक्याकडून नाही. टीव्ही बंद करा, दिवा मंद करा, पंखा लावा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला वेगळ्या खोलीत घाला, कारण फिट आलेल्या कुत्र्यावर दुसरा कुत्रा कधीकधी तुटून पडतो. एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढा. मनाला ते क्रूर वाटतं, पण दवाखान्यात पोचेपर्यंत कुत्रा उठून शेपूट हलवत असतो, आणि ही फिटच होती, चक्कर होती की हृदयाचा त्रास होता, हे डॉक्टरांना त्या व्हिडिओवरूनच ओळखता येतं.

आता कांदा आणि चप्पल. या उपायाचा अनुभव आलेली माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांनी कांदा लावला आणि फिट थांबली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण कुत्र्याची मोठी फिट बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. घाबरलेला माणूस स्वयंपाकघरात धावतो, कांदा शोधतो, फोडतो, परत येऊन नाकाला लावतो. तोवर तेवढा वेळ गेलेलाच असतो. कांद्याच्या जागी किल्ल्यांचा जुडगा धरला असता तरी फिट त्याच क्षणी थांबली असती. मेंदूतल्या पेशी एकदम, अनावर पेटलेल्या असतात. नाकाला लावलेल्या वासाने त्या शांत होत नाहीत.

कांद्याचा दुसरा धोका मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसावा. फिटनंतरचा काळ वेगळाच असतो. सर्जा उठतो तेव्हा त्याला काही मिनिटं दिसत नाही. भिंतीला अंग घासत चालतो, उघड्या दाराऐवजी दाराच्या मागे जाऊन उभा राहतो, हाक मारली तर आवाजाच्या उलट दिशेला वळतो. आणि मग प्रचंड भूक. ताट चाटतो, फरशी चाटतो, पायपुसणं चघळतो. ही अवस्था काही मिनिटांपासून एखाद्या दिवसापर्यंत टिकू शकते. अशा वेळी नाकाशी राहिलेला कांदा तो गिळणारच, आणि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. याच कारणाने तांबड्या रश्श्यातली हाडंसुद्धा त्याच्या ताटात नकोत.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेळेचं. फिट पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी सुरू झाली, तर ती आणीबाणी आहे. शरीर तापतं, मेंदूला इजा होते, जीव जातो. चोवीस तासांत दोन किंवा जास्त फिट आल्या तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. त्यासाठी रात्री दोन वाजता कुठला दवाखाना उघडतो, कुठले डॉक्टर फोन उचलतात, हे आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा. आणि घरी ठेवायच्या तातडीच्या औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. गुदद्वारातून द्यायचं डायझेपाम बऱ्याच जणांना माहीत असतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत न थांबणारी फिट असलेल्या कुत्र्यांना काहींना नाकातून मिडॅझोलाम, तर काहींना गुदद्वारातून डायझेपाम दिलं. मिडॅझोलामने 70 टक्के कुत्र्यांची फिट थांबली, डायझेपामने 20 टक्के. लहान मुलांसाठीचा मिडॅझोलामचा नाकात मारायचा स्प्रे आपल्याकडे मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळतो, पण कुत्र्याला किती द्यायचा हे त्याच्या वजनावरून डॉक्टरांनीच ठरवायचं. नाकातून द्यायचं औषध शोधत असाल तर ते हे आहे.

लिव्हरचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे, आणि त्या अर्ध्या सत्यापायी माणसं गोळ्या सुरूच करत नाहीत.

कुत्र्यांच्या अपस्मारासाठी आपल्याकडे सर्रास दिली जाते ती गोळी फिनोबार्बिटोन, म्हणजे मेडिकलवाले गार्डिनल म्हणतात ती. माणसांसाठी ती 1912 पासून वापरात आहे. तिचा लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, हे खरंय. पण तो धोका प्रामुख्याने वाढतो रक्तातलं प्रमाण मिलिलिटरला 35 मायक्रोग्रॅमच्या वर बराच काळ राहिलं तर. म्हणूनच रक्त तपासायचं असतं. गोळी सुरू केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी प्रमाण स्थिरावतं, तेव्हा पहिली तपासणी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी लिव्हरच्या चाचण्यांसोबत. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमधूनही हे प्रमाण मोजून मिळतं. लिव्हरच्या रिपोर्टमध्ये अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसतं आणि घरचे हादरतात. ही वाढ या औषधाने बहुतेक कुत्र्यांत होते. तेवढ्यावरून लिव्हर गेलं असं होत नाही, बाकीच्या आकड्यांसोबत डॉक्टर त्याचा अर्थ लावतात.

सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, मागचे पाय लटपटतात, दिवसभर झोपतो. बरेच जण इथेच घाबरून गोळी सोडतात. हा त्रास बहुतेकदा आपोआप ओसरतो. भूक, तहान आणि लघवी वाढते ती मात्र राहते, म्हणून वजनावर लक्ष ठेवावं लागतं. ताटातला भात वाढवू नका, दुधीचे उकडलेले तुकडे द्या, पाणी मात्र कधी तोडू नका.

गोळी न देण्याचीही किंमत असते, आणि ती मेसेजमध्ये कुठेच नाही. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट, एकाच दिवशी फिटची रांग, पाच मिनिटांच्या वर गेलेली फिट, किंवा दिवसेंदिवस कमी होणारं अंतर, यातलं काहीही असेल तर औषध सुरू करावं, असं पशुवैद्यकातले मेंदूविकारतज्ज्ञ सांगतात. सगळ्यांच्याच फिट पूर्ण थांबत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. काहींना दुसरं औषध जोडावं लागतं, लेव्हेटिरासिटाम किंवा पोटॅशियम ब्रोमाइड. ब्रोमाइड चालू असेल तर जेवणातलं मीठ रोज सारखंच ठेवायचं. मीठ वाढलं की किडनी ब्रोमाइड बाहेर टाकते, रक्तातलं प्रमाण उतरतं आणि फिट परत येते. रविवारी पांढऱ्या रश्श्याचा भात आणि सोमवारी अळणी, असं त्या कुत्र्याला चालत नाही.

खोबरेल तेलाची ओळ बहुधा एका खऱ्या संशोधनातून मोडतोड होऊन आलीय. 2015 मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी अपस्मार असलेल्या 21 कुत्र्यांना मध्यम साखळीची स्निग्धाम्लं (तेलातल्या मेदाचा एक प्रकार) असलेला खास आहार दिला. काहींच्या फिट बऱ्याच कमी झाल्या, तिघांच्या त्या काळात पूर्ण थांबल्या. पण ती सगळी कुत्री आपापली औषधं घेतच होती. आणि खोबरेल तेलात मुख्यतः लॉरिक आम्ल असतं, त्या आहारातल्या तेलाशी त्याची तुलना होत नाही. गोळी काढून खोबरेल द्या, असं त्या संशोधनात कुठेही म्हटलेलं नाही. जाड कुत्र्याला रोज तेल पाजलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती वेगळीच.

फिट थांबल्यावर गोळी बंद करा, ही ओळ सगळ्यात घातक. फिट थांबली ती गोळीमुळे. फिनोबार्बिटोन एकाएकी तोडलं तर त्या तोडण्यानेच फिट येते, आणि ती एकामागून एक, न थांबणारी असू शकते. एक-दोन वर्षं एकही फिट नसेल तर डॉक्टर डोस उतरवण्याचा विचार करू शकतात, तोही महिन्याला 20 टक्के किंवा त्याहून कमी, अशा गतीने. गणपतीला गावाकडे जाताना कुत्रा शेजाऱ्यांकडे ठेवला आणि गोळ्यांची डबी कपाटात राहिली, तरी परिणाम तोच. आम्ही आठवड्याची वारांची डबी भरतो, मोबाईलला सकाळ-संध्याकाळचा गजर लावलाय, आणि गोळी भाकरीच्या मऊ तुकड्यात दाबून देतो. गिळली की नाही हे बघायला तोंड उघडून गालाच्या आत बोट फिरवायचं, कारण तिथे लपवलेली गोळी नंतर सोफ्याखाली सापडते.

अमावास्या-पौर्णिमेचं घरच्या घरी तपासता येतं. कालनिर्णयवर प्रत्येक तारखेला तिथी असतेच. सर्जाची प्रत्येक फिट आम्ही त्याच चौकोनात लाल पेनाने लिहितो: वेळ, किती मिनिटं, गोळी वेळेवर होती का, आदल्या दिवशी काय झालं. लाल खुणा कुठल्याही तिथीला आहेत. दिसतं ते वेगळंच. त्याच्या फिट बहुतेक झोपेत, पहाटेकडे येतात, आणि तालमीच्या संघाने फुटबॉलचा सामना जिंकल्यावर रात्रभर फटाके वाजले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धोका असतो. तुमच्या कुत्र्याचं कारण वेगळं असेल. मादी असेल तर माजाचे दिवस लिहून ठेवा. ही नोंद डॉक्टरांना दाखवली तर डोस ठरवायला उपयोगी पडते.

मेसेजमध्ये एक प्रश्न विचारलेलाच नाही: फिट कशाने आली? अपस्मार हे एक कारण. त्यात पहिली फिट साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात येते आणि दोन फिटच्या मधल्या दिवसांत कुत्रा अगदी चांगला असतो. लस न दिलेल्या पिल्लाला डिस्टेंपर असू शकतो. त्यात झोपेतही एखादा पाय किंवा जबडा ठेक्यात उडत राहतो. छोट्या जातीच्या पिल्लाची साखर उतरलेली असू शकते. आपल्याकडे करवीर, शिरोळ, कागलच्या उसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा हे अगदी शक्य असलेलं कारण आहे, आणि गोठ्यातल्या जनावरांसाठीचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्याला चोळणं हेही. गोचिडांसाठी खायला देतात त्या आयसोक्साझोलिन गटातल्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये फिटचा इशारा दिलाय. अपस्मार असलेल्या कुत्र्याला त्या देण्याआधी विचारा. म्हातारपणी पहिल्यांदा फिट आली तर मेंदूतली गाठ धरून सगळी तपासणी करावी लागते. इथे निदान होत नसेल तर पुण्याच्या वाटेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. स्थानिक डॉक्टरांची चिठ्ठी आणि व्हिडिओ घेऊन जा.

राहिली पिसाळण्याची भीती. रेबीज विषाणूने होतो, तोही बहुतेकदा पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून. अपस्माराचं रेबीजमध्ये रूपांतर होत नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागलेला कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत मरतो. महिनोन् महिने अधूनमधून फिट येणारा आणि मधल्या काळात जेवणारा, खेळणारा कुत्रा पिसाळलेला नाही. त्याला शिरोलीच्या पुढे हायवेवर सोडून येणारी माणसं या मेसेजचाच आधार घेतात, आणि गोळी तुटलेला तो कुत्रा रस्त्यावर फार दिवस जगत नाही.

रेबीजची लस मात्र अपस्माराच्या कुत्र्यालाही दरवर्षी हवी, आणि तिचं कार्ड जपून ठेवा. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला फिट आली, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, तर हात लावू नका. प्राणिमित्रांना किंवा महापालिकेला कळवा आणि मुलांना लांब ठेवा. घरच्या कुत्र्याचा दात फिटमध्ये लागला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लसीचं कार्ड घेऊन सीपीआरला (कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी दाखवा.